न दुखणारं दुखणं

परवा नागपुरात धंतोलीच्या माझ्या दवाखान्यात साठीचे एक गृहस्थ समोर येऊन बसले आणि काही न बोलता खिशातून वहीच्या पानाची चौकोनी घडी काढून माझ्यापुढे सरकवली. बायकोने लिहून दिलेली चिठ्ठी होती. 'यांना लघवीला वेळ लागते. रात्री चारदा उठतात. विचारलं तर काही नाही म्हणतात.' मी वाचून होईपर्यंत ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांचंही तसंच आहे. तक्रारी पुरुषांच्या, पण बरीच पत्रं बायकांनी, आयांनी, मुलींनी लिहिलेली. आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं : 'पण दुखत नाही.' २९ वर्षं मी लघवीचेच आजार पाहतो आहे. ज्याला दुखतं तो रात्री दोन वाजताही ऑटो करून येतो आणि बहुतेकदा बरा होऊन घरी जातो. ज्याला दुखत नाही तो उशिरा येतो. म्हणून या वेळी अशाच पत्रांना जास्त जागा दिली आहे. नावं काढली आहेत, मजकूर थोडा आटोपता घेतला आहे.

प्रश्न : आमचे हे ६७ वर्षांचे, शाळेतून निवृत्त झालेले. तीन-चार वर्षांपासून लघवीला उभे राहिले की धार सुरू व्हायला वेळ लागतो, धारही बारीक. रात्री पाच वेळा उठतात. मुलगा पुण्याला आहे, पण गाडीत बसायला तयार नाहीत. दोन वर्षं झाली जाऊन. लग्नाला गेले की आधी बाथरूम कुठे ते पाहतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर 'वयाचं आहे, दुखत थोडीच आहे' म्हणतात. ऑपरेशन केलं की पुरुषपण जातं, असं मित्राने त्यांना सांगून ठेवलं आहे. अलीकडे सकाळी कधी कधी चादर ओलसर असते. पाणी सांडलं म्हणतात. – एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : ताई, चादरीची ओळ तुम्ही संकोचत लिहिली असेल. माझ्यासाठी सगळ्या पत्रात तीच महत्त्वाची आहे. बाकीच्या तक्रारींसाठी मी 'महिन्याभरात दाखवून घ्या' म्हटलं असतं. ओल्या चादरीसाठी याच आठवड्यात म्हणतो.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असलेली ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची असते. चाळिशीनंतर वाढायला लागते आणि साठीच्या सुमारे निम्म्या पुरुषांमध्ये वाढलेली असते. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. नळी आतून आवळली जाते, म्हणून धार बारीक होते. पिशवी काही वर्षं जोर लावून भागवून नेते, मग थकते. थकली की पूर्ण रिकामी होत नाही. आत पाव लिटर शिल्लक राहते, मग अर्धा, मग एक लिटर. ताण इतका हळूहळू वाढतो की दुखतच नाही. काठोकाठ भरलेला हंडा जरा हलला की सांडतो, तशी झोपेत थोडी थोडी लघवी गळते. चादर ओली होते ती आत लघवी तुंबली आहे म्हणून, आणि तोच दाब वर किडन्यांवर जात असतो.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं. माझे बाबा काटोल तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवायचे. मी मेडिकलला तिसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीत घरी गेलो तर त्यांचं पोट फुगलेलं, भूक मेलेली, पायांवर सूज. गावातल्या एका डॉक्टरांकडून दोन महिने गॅसची औषधं चालू होती. मीही पोटाला हात लावून पाहिला नाही. मुलाने बापाचं पोट तपासावं, हे आमच्या घरात कुणाला सुचलंच नसतं. शेवटी त्यांना वॉर्डात घेऊन आलो. आमच्या सरांनी बेंबीखाली डाव्या हाताचं मधलं बोट टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक केलं. गॅस असता तर ढोलकीसारखा आवाज आला असता. बेंबीपर्यंत सगळीकडे धान्याच्या पोत्यावर थाप मारावी तसा बद्द आवाज येत होता. नळी टाकली आणि १,८०० मिलिलिटर लघवी निघाली. एरवी ४०० ते ५०० मिलिलिटरला माणसाला धीर धरवत नाही. बाबा म्हणाले, 'दुखत तर काहीच नव्हतं रे.' किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन साधारण १.२ च्या आसपास किंवा खाली असावं, ते ६.८ होतं. तीन आठवडे नळी ठेवल्यावर २.४ वर आलं, मग ऑपरेशन झालं. किडन्या पूर्ण सावरल्या नाहीत. पुढची अकरा वर्षं ते मोजून मीठ आणि मोजून वरण खात होते.

तेव्हा ताई, तुमच्या यांना ऑपरेशनबद्दल काहीच बोलू नका. 'फक्त सोनोग्राफी करून येऊ' एवढंच म्हणा. लघवीच्या आधी आणि लघवी करून आल्यावर, अशी दोनदा सोनोग्राफी होते. आत किती शिल्लक राहते आणि किडन्या फुगल्या आहेत का, ते त्यात दिसतं. सोबत क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी. शिल्लक खूप निघाली तर नळी दवाखान्यात भरती होऊनच टाकून घ्या. बरेच दिवसांचा दाब उतरला की किडन्या काही तास लिटर-लिटरने लघवी सोडतात. तेवढं पाणी आणि क्षार भरून काढायला लक्ष ठेवणारं माणूस लागतं.

शिल्लक फार नसेल तर धारेचा वेग मोजतात. एका खोलीत एकट्याने यंत्रावर ठेवलेल्या भांड्यात लघवी करायची, इतकंच. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर वेग असला तर ठीक, १० च्या खाली असला तर अडथळ्याची शंका दाट. मात्र एका वेळी किमान १५० मिलिलिटर व्हायला हवी, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. शौचाच्या जागेतून बोटाने प्रोस्टेट तपासतात, त्याला दहा-पंधरा सेकंद लागतात. या तपासणीच्या भीतीने लोक वर्षानुवर्षं टाळतात आणि झाल्यावर 'बस, एवढंच?' म्हणतात.

आता पुरुषपणाचं. पुष्कळांचं गोळ्यांवर भागतं. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने काही दिवसांत धार सुधारते. ग्रंथी लहान करणाऱ्या ड्युटास्टेराइड, फिनास्टेराइडसारख्या गोळ्यांना सहा महिने द्यावे लागतात. दुर्बिणीचं ऑपरेशन लागलंच, तर बहुतेकांची ताठरता आधी होती तशीच राहते. एक बदल मात्र बहुतेकदा दिसतो. वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. त्याने अपाय होत नाही, सुखाची जाणीव जात नाही. हे डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी, पतिपत्नी दोघांना बसवून सांगायला हवं. आम्ही सांगत नाही, म्हणून मित्रांचं खरं वाटतं. यात चूक आमची आहे.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. टॅमसुलोसिन चालू असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण या गोळीने बुबुळाचा पडदा सैल पडतो. आणि थंडीत सर्दीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. नाक मोकळं करणारी काही औषधं पिशवीचं तोंड आवळतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री सर्दीची गोळी घेऊन पहाटे लघवी बंद झालेले लोक मी दर वर्षी पाहतो. तशी एकदम बंद झाली तर भयंकर दुखतं, आणि मग लगेच नळी टाकण्याला पर्याय नसतो.

प्रश्न : वय ५८. हिंगण्याच्या एमआयडीसीत ३० वर्षं काम केलं. बिडी जुनी आहे, आता अर्ध्या बंडलावर आणली. दसऱ्याच्या सुमारास एके सकाळी लघवी बिटाच्या पाण्यासारखी लाल झाली. दुपारी साफ. जळजळ नाही, दुखलं नाही. ओळखीच्या डॉक्टरांनी पाच दिवस गोळ्या दिल्या, परत झालं नाही. अडीच महिने झाले. बायको मागे लागून राहिली, दाखवा म्हणून. थांबलं, तर आता काहून दाखवायचं?

उत्तर : भाऊ, ते गोळ्यांनी थांबलं असं धरून चालू नका. मूत्राशयातली गाठ अशीच वागते. एक दिवस रक्त, मग आठवडेच्या आठवडे काही नाही. तुम्हाला गाठ आहेच असं मी म्हणत नाही. खडा, संसर्ग, वाढलेलं प्रोस्टेट यांनीही रक्त जातं. पण बिडी ओढणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या लघवीत न दुखता रक्त आलं, मग ते एकदाच का असेना, तर आत गाठ नाही याची खात्री होईपर्यंत मी त्याला सोडत नाही. वहिनींचं बरोबर आहे.

बिडीचा आणि लघवीचा काय संबंध, असं पुष्कळ जण विचारतात. धूर फुफ्फुसात जातो, त्यातली विषारी रसायनं रक्तात उतरतात. रक्त किडनीत गाळलं जातं आणि ती रसायनं लघवीत येतात. तीच लघवी पिशवीत तासन्‌तास साचून राहते आणि पिशवीचं आतलं अस्तर वर्षानुवर्षं त्यात भिजत राहतं. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर हेच आहे. रंग आणि रबराच्या कारखान्यांतल्या काही रसायनांनीही तो होतो. म्हणून तुम्ही कोणत्या खात्यात होता, हातात काय असायचं, हे डॉक्टरांना नीट सांगा. कुणी विचारलं नाही तरी सांगा.

तपासण्यांमध्ये लघवीत सुटलेल्या पेशी पाहतात, किडनीपासून खालपर्यंतचा सीटी स्कॅन करतात आणि दुर्बिणीने पिशवी आतून पाहतात. दुर्बिणीचं नाव काढलं की रुग्णाचा चेहरा उतरतो, म्हणून सांगतो. बधिर करणारी जेली नळीत सोडून काही मिनिटं थांबतो. मग पेन्सिलीहून बारीक, वळणारी दुर्बीण आत जाते. प्रोस्टेटपाशी पोचताना क्षणभर लघवीची जोराची भावना होते, तेव्हा मी 'पायाची बोटं हलवा' म्हणतो. पिशवी पाण्याने फुगली की समोरच्या स्क्रीनवर गुलाबी भिंत आणि तिच्यावरच्या बारीक लाल रक्तवाहिन्या दिसतात. गाठ असली तर ती समुद्रातल्या वनस्पतीसारखी पाण्यात डोलते. पाच-सात मिनिटांचं काम आहे. नंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळतं. तुम्ही स्क्रीन पाहत राहा. ज्यांनी पाहिली त्यांची भीती माझ्यासमोर कमी झाली आहे.

गाठ अस्तरापुरती असली तर दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते, पिशवी शाबूत राहते. ती पुन्हा उगवू शकते, म्हणून ठरावीक काळाने पाहत राहावं लागतं. स्नायूत खोल उतरली की पिशवीच काढण्याची वेळ येऊ शकते. तुमचे अडीच महिने गेले आहेत, आणखी घालवू नका. पुन्हा लाल दिसली तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मला त्या फोटोचा खूप उपयोग होतो. बीट खाल्ल्याने किंवा टीबीच्या गोळीनेही लघवीचा रंग बदलतो, पण ते लघवीच्या तपासणीतून ठरू द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी 'गोळीमुळे झालं असेल' म्हणून सोडून देऊ नये. त्यांनाही हीच तपासणी लागते.

प्रश्न : वय ६४. मुलाने पॅकेज घेऊन सगळ्या रक्ततपासण्या करवल्या. पीएसए ७.२ आला. शेजाऱ्यांनी मोबाइलवर पाहून कॅन्सर सांगितला. त्याच्या पंधरा दिवस आधी मला ताप आणि लघवीला जळजळ होती. तीन रात्री झोप नाही. – मानेवाडा

उत्तर : काका, आज झोपा. पीएसए हा पदार्थ प्रोस्टेट बनवतं, निरोगी प्रोस्टेटही बनवतं. साधारण ४ च्या वर गेला की आम्ही लक्ष घालतो. पण लघवीचा संसर्ग, नळी टाकणं, लघवी तुंबणं, एवढंच काय, दोन दिवसांत झालेला संबंध, यांनीही तो चढतो. संसर्गाचं औषध पूर्ण करून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. तरीही चढाच राहिला तर बोटाने तपासणी, मग एमआरआय, आणि गरज वाटली तरच तुकडा काढून तपासणी, या क्रमाने जायचं. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त घेत असाल तर आलेला आकडा दुप्पट धरायचा, हे तपासणाऱ्याला सांगा.

प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला काहीही जाणवू देत नाही. कंबर दुखायला लागते तेव्हा तो अनेकदा हाडात पोचलेला असतो. वडिलांना किंवा भावाला तो झाला असेल तर ४५ व्या वर्षी, बाकीच्यांनी पन्नाशीत पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलावं. तपासून घ्यायचं की नाही हे दोघांनी मिळून ठरवावं, कारण काही कॅन्सर इतके संथ असतात की त्यांच्यावर नुसती नजर ठेवणं पुरतं. ऐंशी ओलांडलेल्या, काही त्रास नसलेल्या आजोबांची ही तपासणी पॅकेजमध्ये आहे म्हणून करू नका.

प्रश्न : बुटीबोरीला साइट सुपरवायझर आहे, वय ३१. मध्यंतरी कंबरेतून जांघेत अशी कळ गेली की जमिनीवर लोळलो. सीटीत डाव्या बाजूच्या नळीत ६ मिलिमीटरचा खडा. इंजेक्शनने थांबलं. आता तीन आठवडे दुखत नाही, म्हणजे पडला असेल ना? मित्र बिअर पी म्हणतात, मामा दूध-टमाटर बंद कर म्हणतात.

उत्तर : लघवी चहाच्या गाळणीतून गाळत होता का? खडा हातात आला का? नसेल तर पडला असं समजू नका. नळी अडलेली राहिली की किडनी काही दिवसांनी लघवी बनवणंच कमी करते. दाब उतरतो, कळ थांबते. किडनी मात्र आत सुकत असते. मुतखड्याने मेलेल्या किडन्या मी काढल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक मालकांनी 'एकदा दुखलं होतं, मग आपोआप थांबलं' असंच सांगितलं. याच आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी, एक्स-रे किंवा सीटी करा. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, ६ चाही पडू शकतो. पण चार आठवड्यांच्या पुढे वाट पाहायची नाही, दुर्बिणीने काढून घ्यायचा. मध्ये कधी थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. अडलेल्या किडनीत पू झाला तर माणूस एका रात्रीत दगावू शकतो.

बिअर औषध नाही, खडा विरघळवत नाही. दूध बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम खडे बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि शौचातून बाहेर नेतं. दूध तोडलं की ते ऑक्झलेट लघवीत उतरतं आणि खडे वाढतात. टमाटर प्रमाणात चालतात. कमी करायचं ते मीठ, त्याने लघवीतलं कॅल्शियम वाढतं. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. पंचेचाळीस डिग्रीत स्लॅबवर उभं राहणाऱ्याचं निम्मं पाणी घामात जातं, त्यामुळे बाटल्या मोजू नका, लघवीचा रंग पाहा. मोहरीच्या तेलासारखी पिवळी झाली की पाणी कमी पडलं. आपल्या संत्र्यात आणि लिंबात खडा बनू न देणारं सायट्रेट असतं. साखर-मीठ न घालता लिंबूपाणी डब्यासोबत न्या.

प्रश्न : वय ४९, सहा वर्षांपासून मधुमेह. दीड वर्षापासून संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही. भिंतीवरची जाहिरात पाहून एका ठिकाणी ११,००० रुपयांचा कोर्स केला, फरक नाही. बायकोला वाटतं माझं मन दुसरीकडे आहे. जिना चढताना जरा धाप लागते, ती वजनामुळे असेल.

उत्तर : भाऊ, आधी हृदय तपासून घ्या, मग माझ्याकडे या. लिंगाला रक्त नेणाऱ्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. मधुमेहाने आणि चरबीने दोन्ही आतून सारख्याच बुजतात. बारीक असते ती आधी बोलते. हृदयविकार उघड होण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी हे लक्षण दिसतं, असं वारंवार आढळलं आहे. तुमच्या पत्रातली धाप मला ताठरतेहून जास्त काळजीची वाटते. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांची सरासरी साखर एवढं करा. ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी अनेकांना उपयोगी पडते, पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटसारख्या गोळीसोबत घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून ती दुकानातून मागून घेऊ नका. लेबल नसलेल्या त्या पुड्या टाकून द्या. आणि येताना बायकोला सोबत आणा. ही रक्तवाहिनीची गोष्ट आहे, हे तिने डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं बरं.

लिंगाच्या पुढच्या कातडीला चिरा पडतात, पांढरट थर येतो, अशी आणखी दोन पत्रं आहेत. दोघांनीही आधी साखर तपासावी. पुष्कळांचा मधुमेह मला तिथेच सापडतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळेही तिथे बुरशी धरते. गोळी स्वतःहून सोडू नका, देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय २६, लग्नाला दोन वर्षं. जिममधल्या सरांनी दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दीड वर्ष घेतली. वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य. – नंदनवन

उत्तर : इंजेक्शनं बंद करा, पण डॉक्टरांना भेटून. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू अंडकोषांना कामाचा निरोप देणं थांबवतो आणि ते आक्रसतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. बंद केल्यावर बहुतेकांचे सहा महिने ते वर्षभरात परत येतात, काहींना औषधं लागतात, काहींचे पूर्ण येत नाहीत. तोवर बायकोच्या तपासण्यांमागे धावू नका. तिला खरं कारण सांगा.

प्रश्न : माझा मोठा मुलगा १३ वर्षांचा. पहाटे चारला उठला, पोटात दुखतं म्हणाला, दोन उलट्या झाल्या. रात्री सावजी खाल्लं होतं म्हणून मी ओवा दिला. दुपारी तो पाय फाकवून चालत होता, तेव्हा त्याच्या बाबांनी विचारलं. अंडकोषाची उजवी गोळी सुजून लाल झाली होती. हॉस्पिटलला पोचेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले. ऑपरेशन करून काढावी लागली. मी सकाळीच का नाही पाहिलं, हे डोक्यातून जात नाही. त्याला पुढे मुलं होतील का? धाकटा नऊ वर्षांचा आहे, त्यालाही असं होईल का? – हुडकेश्वर

उत्तर : ताई, मुलाने तुम्हाला फसवलं नाही आणि तुम्हीही हलगर्जीपणा केला नाही. अंडकोषाच्या गोळ्या गर्भात पोटात तयार होतात आणि तिथून खाली उतरतात. त्यांच्या नसा तिथूनच येतात. म्हणून गोळी तिच्या दोरीवर पिळली गेली की दुखणं पोटात जाणवतं आणि उलटी होते. त्याला खरोखरच पोटात दुखत होतं. तुम्ही पोटाचं औषध दिलंत.

त्याला मुलं होतील. एका गोळीवर आवाज फुटतो, मिशा येतात, संसार होतो, मूल होतं. फक्त डिस्चार्ज कार्ड काढून एक ओळ पाहा : दुसरी, डावी गोळी त्याच ऑपरेशनमध्ये टाके घालून जागच्या जागी बांधली आहे का? गोळी सैल असण्याची ठेवण बहुधा दोन्ही बाजूंना असते. बांधली नसेल तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना भेटून ते करून घ्या. क्रिकेट खेळताना गार्ड घालू द्या. मोठा झाल्यावर त्याला रिकामेपणा खटकला तर तिथे कृत्रिम गोळी बसवता येते, घाई नाही. आणि थोडा मोठा झाला की महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी राहिलेली गोळी बोटांनी चाचपून पाहायला शिकवा. पंधरा ते पस्तिशीच्या वयात त्या जागी होणारा कॅन्सर बहुधा न दुखणाऱ्या कडक गाठीने सुरू होतो, आणि वेळेवर सापडला तर जवळजवळ नेहमी बरा होतो.

हे पत्र वाचणाऱ्या इतर आईवडिलांना सांगतो. मुलाच्या ओटीपोटात एकाएकी दुखायला लागलं, उलटी झाली, तर चड्डी काढून पाहा. तो लाजला तर बाबांनी पाहावं, पण पाहावं. एक गोळी वर चढलेली, आडवी किंवा हात लावू न देणारी दिसली तर सहा तासांच्या आत पीळ सुटायला हवा. तेवढ्यात सुटला तर गोळी बहुतेक वेळा वाचते, बारा तासांनंतर ती शक्यता बरीच घटते. सकाळची ओपीडी उघडायची वाट पाहायची नाही. मेडिकल आणि मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते. तिथे पोचल्याबरोबर 'अंडकोषात दुखतं' हेच शब्द म्हणा. 'पोटात' म्हटलंत तर तुम्हाला दुसऱ्या रांगेत बसवतील.

धाकट्याला होईलच असं नाही. पण त्याला आजच सांगून ठेवा की गोळी दुखली तर शाळेत असो, रात्री असो, लगेच सांगायचं, आणि नाव घेऊन सांगायचं. हे तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी सांगण्यापेक्षा मोठ्याला सांगू द्या.